गुळवेलीवर प्रयोग करताय? या चुका टाळा

एम.एस्सी. आणि फार्मसीच्या प्रकल्पांत गुळवेल हमखास असते. सहज मिळते, नाव मोठं आहे आणि काहीतरी 'चांगला' निकाल येणारच अशी सगळ्यांची खात्री असते. प्रबंधातलं 'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण उघडलं की मात्र एक ओळ दिसते: 'गुळवेलीची खोडं स्थानिक बाजारातून आणली.' बस्स. त्या एका ओळीने पुढची शंभर पानं निकामी होतात, कारण बरणीत नक्की काय होतं हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

ओळख न पटवता काम सुरू करणं

गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्या दोन जवळच्या नातलग वेली 'गिलोय' या तिच्याच हिंदी नावाने हातात पडू शकतात. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी, चामखिळीसारखे उंचवटे असतात. टिनोस्पोरा सायनेन्सिसची कोवळी पानं आणि शेंडे मखमली, लवदार असतात. खऱ्या गुळवेलीची पानं गुळगुळीत, साल कागदासारखी पातळ सुटणारी आणि फांद्यांवरून दोऱ्यासारखी हवाई मुळं लोंबणारी. खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. उभ्या वेलीवर हे फरक पाच मिनिटांत कळतात. वाळलेल्या तुकड्यांत त्यातले अर्धे गळून जातात आणि पूड झाली की डोळ्यांनी काहीच कळत नाही. मग डीएनए बारकोडिंगचा, म्हणजे जनुकाच्या तुकड्यावरून जात ओळखण्याचा, खर्च करा.

ही बाब किती महागात पडते ते मुंबईच्या प्रकरणात दिसलं. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांना आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतलेली होती. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला: वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती क्रिस्पाही असू शकते. रुग्ण खरे होते, तपासण्या खऱ्या होत्या, तरी वाद अडला तो वेलीच्या तुकड्यावर. पुढे 2022 मध्ये 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात हाती लागलेले नमुने तपासले तेव्हा ती कॉर्डिफोलियाच निघाली. यकृताची इजा बऱ्याच जणांत स्वप्रतिकार आजाराच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या, वळणाची होती. गुळवेल प्रतिकारशक्तीवर काम करते असं आपणच सांगतो. मग ते काम नको त्या दिशेनेही होऊ शकतं, हा प्रश्न त्याच गांभीर्याने विचारायला हवा.

म्हणून हर्बेरियमचा नमुना (कागदावर दाबून वाळवलेली, नोंद केलेली वनस्पती) आधी, बाकी सगळं नंतर. एक अडचण लक्षात ठेवा: औषधासाठी खोड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात घ्यायचं असतं आणि तेव्हा वेलीवर पानं जवळजवळ नसतात. फुलंही बिनपानाच्या फांदीवर येतात, शिवाय नर आणि मादी वेली वेगळ्या. त्यामुळे वेलीला खूण बांधून ठेवा, उन्हाळ्यात फुलांची फांदी दाबा आणि पावसाळ्यात त्याच वेलीची पानं दाबून दुसरी शीट करा. गाव, तारीख, कोणत्या झाडावर चढलेली होती, वेल नर की मादी, हे सगळं जागेवरच लिहा. पुण्यात बॉटॅनिकल सर्व्हे आणि आघारकर संस्था, मुंबईत ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ अशी हर्बेरियमं आपल्याकडे आहेत. तिथला नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत ग्राइंडर चालू करू नका. त्यात प्रकल्पाचे दोन आठवडे गेले तरी चालेल, ते सत्कारणी लागलेले असतात.

आणि 'टीएलसीवर (घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) बर्बेरिन या पिवळ्या घटकाचा ठिपका दिसला, म्हणजे गुळवेल' हा युक्तिवाद सोडून द्या. बर्बेरिन दारुहळदीतही असतं.

वाळवण

अंगठ्याएवढं जाड खोड आख्खं वाळत घातलं की बाहेरून वाळतं आणि आतून बुरशी धरतं. मग त्या बुरशीचे गुणधर्म वेलीच्या नावावर जमा होतात. सेंटीमीटरभराचे तुकडे करा, सावलीत किंवा 40 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत काढू नका. तुकडा वाकवून कडकन मोडला पाहिजे.

काढ्याचा दावा, मिथेनॉलचा अर्क

परंपरेत गुळवेल पाण्यात उकळतात. विद्यार्थी सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणात मिथेनॉल ओततात आणि निष्कर्षात लिहितात, 'पारंपरिक उपयोगाला वैज्ञानिक आधार मिळाला.' नाही मिळाला. आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात) गुळवेलीचा पाण्यात उतरणारा भाग किमान 11 टक्के आणि अल्कोहोलमध्ये उतरणारा किमान 3 टक्के असावा असं मानक आहे. या दोन आकड्यांवरूनच कळतं की दोन्ही अर्क वेगळे आहेत. पाण्यात बहुशर्करा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) मोठ्या प्रमाणात उतरतात, त्या मिथेनॉलमध्ये जवळजवळ येतच नाहीत. पारंपरिक उपयोग तपासायचा असेल तर पाण्याचा अर्क हवाच, मिथेनॉलचा हवा तर सोबत करा. अर्काचा उतारा, म्हणजे वाळलेल्या खोडातून किती टक्के अर्क मिळाला, तेही लिहा, त्याशिवाय पुढचं मात्रेचं गणित करता येत नाही.

रंगाचा ब्लँक न लावणं

ही चूक इतकी सर्रास आहे की तपासनीससुद्धा आता विचारत नाहीत, आणि ते फार वाईट आहे. अँटिऑक्सिडंट चाचणीतल्या डीपीपीएच या रसायनाचं द्रावण जांभळं असतं, अँटिऑक्सिडंटने ते फिकं होतं आणि 517 नॅनोमीटरवर ती घट मोजतात. पण अर्क स्वतःच तपकिरी असतो. जास्त मात्रेला त्याचा रंग वाचनात मिसळतो, आलेख मध्येच मागे वळतो आणि मग 'हा बिंदू गाळू या' असं ठरतं. गाळायचं काही नसतं. प्रत्येक मात्रेसाठी अर्क आणि नुसतं मिथेनॉल अशी वेगळी नळी लावा आणि तिचं वाचन वजा करा. डीपीपीएच 0.1 मिलिमोलर, म्हणजे 100 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये 3.94 मिलिग्रॅम, त्याच दिवशी बनवा, बाटलीला फॉइल गुंडाळा. अंधारात 30 मिनिटं म्हणजे 30 मिनिटं, चहा पिऊन येईपर्यंत नव्हे. तुलनेसाठी लावलेलं अॅस्कॉर्बिक आम्लाचं द्रावण कालचं वापरलं तर ते ऑक्सिडाइझ झालेलं असतं आणि तुमचा अर्क उगाच त्याच्या तोडीचा दिसतो.

एमटीटीमध्ये, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजण्याच्या चाचणीत, हीच चूक आणखी घातक ठरते. वनस्पतींचे काही अर्क पेशी नसतानाही एमटीटीला थेट जांभळं करतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात आणि 'अर्क सुरक्षित आहे' असा निष्कर्ष निघतो. प्लेटमध्ये पेशींशिवाय अर्क आणि एमटीटी अशी एक रांग ठेवाच. त्या रांगेत रंग आला तर एमटीटी टाकण्याआधी अर्काचं माध्यम काढून पेशी धुऊन घ्या. विद्रावकाचा कंट्रोलही (अर्काशिवाय नुसता विद्रावक) विसरू नका, डीएमएसओ हा विद्रावक शेवटी 0.1 टक्क्याच्या आसपास राहू द्या.

'प्रतिकारशक्ती वाढली', की जिवाणूंचा अंश?

गुळवेलीच्या बहुशर्करा मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेतवतात, असं लिहिण्याआधी एन्डोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला विषारी अंश) तपासा. मातीत, पाण्यात, काचेवर असलेल्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचा अंश अर्कात उतरला की मॅक्रोफेज अगदी तसेच चेततात, तेही नॅनोग्रॅममध्ये. ऑटोक्लेव्हने (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) एन्डोटॉक्सिन जात नाही. एन्डोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा आणि एका संचात पॉलिमिक्सिन बी (एन्डोटॉक्सिन निष्प्रभ करणारं प्रतिजैविक) घालून परिणाम टिकतो का ते पाहा. चाचणी परवडत नसेल तर हा दावा करू नका.

छोट्या, पण रोजच्या

जिवाणूनाशक चाचणीत आगरच्या प्लेटला भोक पाडून त्यात अर्क घालतात आणि भोवतीचा जिवाणू न वाढलेला 'झोन' मोजतात, त्यात 6 मिलिमीटरचं भोकही 'झोन' म्हणून मोजलं जातं. नुसत्या विद्रावकाचं भोक नसेल तर ती प्लेट टाकून द्या. बहुशर्करेचे मोठे रेणू आगरमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे झोन नाही म्हणजे परिणाम नाही असं होत नाही. एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढा.

एकूण फिनॉल मोजायचं फोलिन-सिओकाल्टो रसायन फिनॉलखेरीज इतर क्षपणकारकांशीही रंग देतं, म्हणून तो आकडा अंदाज म्हणून मांडा.

एकाच अर्काच्या तीन नळ्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या वेली, तीन वेगळे अर्क.

'कडुनिंबावरची गुळवेल श्रेष्ठ' हे सिद्ध करायचं असेल, तर एकच वेल कलमांनी वाढवून कडुनिंबावर, आंब्यावर आणि मांडवावर चढवा, माती तीच ठेवा. वेगवेगळ्या गावांतल्या वेली तोलून ते कळत नाही.

उंदराची मात्रा माणसाला

मोठ्या उंदरात 500 मिलिग्रॅम प्रति किलो अर्काने गुण आला, इथवर ठीक. माणसासाठी 6 ने गुणून 37 ने भागा (शरीराच्या पृष्ठभागावरून ठरलेले मोठ्या उंदराचे आणि माणसाचे गुणांक): 81 मिलिग्रॅम प्रति किलो. 60 किलोच्या माणसाला 4.9 ग्रॅम अर्क. उतारा 10 टक्के धरला तर 49 ग्रॅम वाळलेलं खोड, रोज. फार्माकोपियात काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम सांगितलंय. हे गणित निष्कर्षाच्या पानावर मांडा आणि त्या मात्रेवर यकृताची एन्झाइम्स तपासलीत का, तेही तिथेच लिहा.