तांबं घेऊन ठेवायचंय? आधी विकायचं दार शोधा: धातूत पैसे गुंतवताना या चुका टाळा

सोयाबीन मोंढ्यात गेलं की पंधरा दिवसांत आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. मी मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देतो. बोअरच्या, विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या. दिवसभर हातात तांब्याची तारच असते. यंदा एक मामा जळालेली साडेसात एचपीची मोटार घेऊन आले. जुनी कॉइल काट्यावर ठेवली तेव्हा आकड्याकडे बघत म्हणाले, "मिस्त्री, जळकं तांबं एवढ्याला जातंय, तर नवंच घेऊन ठेवलं तर? पोरीच्या लग्नाला अजून आठ वर्षं आहेत."

"मामा, घ्याल कुठून ते मी सांगतो. आठ वर्षांनी विकाल कुणाला?"

ते गप्प झाले. मी गेली कित्येक वर्षं पाहतोय, धातूत पैसे अडकलेल्या जवळपास प्रत्येकाने हा प्रश्न शेवटी विचारलेला असतो. तो आधी विचारला असता तर खालच्या निम्म्या चुका झाल्याच नसत्या.

"गरज वाढतेय, म्हणजे भाव चढणारच"

सौर पॅनेल, इलेक्ट्रिक गाड्या, नव्या वीजवाहिन्या, सगळ्यांना तांबं लागतं हे खरं आहे. तुतिकोरिनचा मोठा तांबं शुद्धीकरण कारखाना 2018 साली बंद पडल्यावर आपला देश शुद्ध तांब्याची निर्यात करणाऱ्यांतून आयात करणाऱ्यांत गेला, हेही खरं. पण गरज आणि भाव हे दोन बैल एकाच चालीने चालत नाहीत. लंडनच्या बाजारात 2011 च्या सुरुवातीला तांबं टनाला 10,000 डॉलरच्या वर गेलं होतं. 2016 च्या जानेवारीत ते 4,500 च्या खाली आलं. पुन्हा 10,000 दिसायला 2021 उजाडलं. दहा वर्षं! त्या काळात डॉलर 45 रुपयांवरून 67-68 पर्यंत गेला, म्हणून आपल्याकडे रुपयातली घसरण साधारण एक तृतीयांशावर थांबली. पण ज्याला मधेच 2016 मध्ये लग्न काढावं लागलं, त्याला हे सांगून काय उपयोग?

पॅलेडियमचं उदाहरण आणखी बोलकं आहे. पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा जो भाग असतो, त्यात ते वापरतात. 2022 च्या मार्चमध्ये औंसाला (सुमारे 31 ग्रॅमला) 3,000 डॉलरच्या वर गेलेला हा धातू दोन वर्षांच्या आत 1,000 च्या खाली आला. गाड्या बनायच्या थांबल्या नव्हत्या. त्याच 2022 च्या मार्चमध्ये निकेल एका दिवसात टनाला 1,00,000 डॉलरच्या वर उडालं आणि लंडनच्या बाजाराने त्या दिवसाचे सौदेच रद्द केले. जिथे भलेभले व्यापारी अडकले, तिथे आपण घरात निकेलच्या चकत्या ठेवून काय साधणार?

मोबाइलवरचा भाव हाच आपला भाव समजणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महाग पडते, म्हणून इथे जरा थांबतो.

एमसीएक्स या वायदे बाजारात तांब्याचा जो भाव दिसतो तो 2,500 किलोच्या सौद्याचा, 99.99 टक्के शुद्ध कॅथोडचा (शुद्ध तांब्याच्या पत्र्याचा) आणि जीएसटी सोडून असतो. आपण 50 किलो घेणार, तेही दुकानातून. तांब्यावर जीएसटी 18 टक्के. कारखानदाराला तो पुढे वळता करून मिळतो, घरगुती माणसाच्या खिशातून तो कायमचा जातो. हिशेबाला सोपं जावं म्हणून भाव किलोला 1,000 रुपये धरू. घेताना 1,180 गेले. विकताना भंगारवाला बाजारभावाच्या 90 टक्के देतो असं धरलं, तर हातात 900 येतात. म्हणजे घेतल्या दिवशीच किलोमागे 280 रुपये पडले. नुसतं मुद्दल सुटायला बाजारभाव 31 टक्के चढावा लागतो. भाव दरवर्षी चार टक्क्यांनी चढत राहिला, तरी सात वर्षं मुद्दलाला गाठण्यातच जातात.

चांदीवर जीएसटी 3 टक्के आहे. वीट किंवा नाणं घेतलं तर सराफ मोडीला फार कापत नाही. म्हणून कुणी "औद्योगिक धातूच हवा" म्हणालं की मी आधी चांदीचं नाव घेतो. चांदीची निम्म्याहून जास्त मागणी आज कारखान्यांकडून येते, सौर पॅनेलपासून स्विचच्या काँटॅक्टपर्यंत. आणि तिला गिऱ्हाईक प्रत्येक तालुक्याच्या सराफ गल्लीत आहे. पण तीही शांत नाही. 1980 च्या जानेवारीत औंसाला 50 डॉलरजवळ गेलेली चांदी पुन्हा त्या उंचीजवळ पोचली ती 2011 च्या एप्रिलमध्ये. पैंजण, वाळे, ताट-वाटी घेऊन गुंतवणूक होत नाही. घडणावळ गेली ती गेलीच, आणि मोडताना डाख (सांधा जोडायचा धातू) किती, कस (शुद्धता) किती, यावरून वाद होतो तो वेगळाच.

धातू बरोबर, पण रूप चुकलं

तांब्याची परात, घागर, पाण्याचा बंब हे सगळं तांबंच. पण मोडीच्या काट्यावर त्याचा भाव वेगळा. डाख, कल्हई, मळ, लोखंडी कडी यांची तूट कापली जाते. आमच्याकडच्या जळक्या कॉइलला भंगारात "आर्मेचर" म्हणतात, जाड स्वच्छ तुकड्यांना "भारी", आणि तार ओढायला लागतो तो "सीसी रॉड". तिघांचे भाव तीन. घेताना सीसी रॉडचे पैसे मोजून विकताना आर्मेचरच्या भावात जाऊ नका. वॉर्निशचा थर असलेली वाइंडिंगची तार साठवायला तर अजिबात घेऊ नका. वॉर्निश जाळल्यावर वजन घटतं आणि तारेच्या बारीक गुंडाळीत काय मिसळलंय ते कुणी बघत बसत नाही. जाड रॉड किंवा पट्टी, सरळ कापलेली, बिलावर प्रत आणि वजन लिहिलेलं, एवढंच घ्यावं.

रंगावर विश्वास

ही चूक मी स्वतः केली आहे. दुकान नवीन असताना एक फिरता विक्रेता तारेची बंडलं घेऊन आला. रंग लालसर, चकचकीत, भाव बाजारापेक्षा थोडा कमी. मी 20 किलो घेतली. त्यातून भरलेल्या दोन मोटारी महिनाभरात जळून परत आल्या. तारेचं टोक कानशीने घासलं तर वरच्या लाल पापुद्र्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. दोन्ही शेतकऱ्यांच्या मोटारी पदरच्या पैशाने पुन्हा भरून दिल्या. एकाचा कापूस आठवडाभर पाण्याविना राहिला, ते मात्र भरून देता आलं नाही. तेव्हापासून कुठलाही माल मी तपासल्याशिवाय आत घेत नाही.

तपासणी घरी होते. आधी कानस: एकाच जागी खोल घासा, आत रंग बदलतो का बघा. मग लोहचुंबक: चिकटलं तर आत लोखंड आहे. चिकटलं नाही म्हणून तांबंच, असं मात्र नाही, कारण ॲल्युमिनियमलाही चुंबक धरत नाही. शेवटची परीक्षा पाण्याची. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याने भरलेलं भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. बरोबर एक किलोचा तुकडा दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असा सोडा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटकून टाका. तांबं असेल तर काटा सुमारे 112 ग्रॅम दाखवतो. चांदी 95 च्या आसपास. निव्वळ ॲल्युमिनियम 370. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार साधारण 275 ते 300 दाखवते, तिथे चोरी लगेच पकडली जाते. पितळ 115 ते 119 दाखवतं, म्हणजे तांब्याच्या अगदी शेजारी. तिथे काट्यावर विसंबू नका, घासलेल्या जागेचा पिवळेपणा बघा. आकडा 112 पेक्षा बराच जास्त आला आणि कानशीने काहीच दिसलं नाही, तर तुकडा मधून कापायला सांगा. विकणारा कापू देत नसेल तर उठून यावं.

स्वस्त मिळतंय म्हणून घेणं

आपल्या भागात शेतातली केबल रात्रीतून कापून नेतात. डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, फोडून तेल सांडतात आणि आतलं तांबं काढून नेतात, मग अख्ख्या शिवाराची वीज जाते आणि उभं पीक सुकतं. तो माल कुठेतरी विकला जातोच. बिलाशिवाय, आवरण जाळून काळं पडलेलं तांबं कुणी निम्म्या भावात देत असेल तर ते कुणाच्या तरी विहिरीवरचं असू शकतं. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, शेजाऱ्याचं पाणी तोडून आपल्या लेकीचं लग्न करायचं नसतं.

याच रांगेत "राइस पुलर" येतं. वीज पडलेलं तांब्याचं जुनं भांडं, त्यात म्हणे इरिडियम नावाचा दुर्मिळ धातू, ते तांदळाचे दाणे ओढतं आणि परदेशी संस्था कोटींना घेते. ही शुद्ध फसवणूक आहे. इरिडियम तांदूळ ओढत नाही, वीज पडून तांब्याचं इरिडियम होत नाही. "तपासणी फी" मागितली की समजून घ्या. यात जमिनी विकून बसलेली माणसं आहेत, म्हणून पुन्हा सांगतो: घरात कुणी असं बोलू लागलं तर त्याला एकटं सोडू नका, पैसे निघायच्या आधी पोलीस ठाण्यात जा.

ठेवायला जागा आहे, असं वाटणं

वरच्याच 1,000 रुपये किलोच्या भावाने एक लाखाचं तांबं म्हणजे 100 किलो. आकाराने ते फक्त 11 लिटर, म्हणजे कळशीभर. ॲल्युमिनियम 250 रुपये किलो धरलं तर 400 किलो आणि जवळजवळ 150 लिटर, म्हणजे कोपऱ्यात ढीग. लोखंडाचा तर विचारच नको. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना ते टनांनी लागतं, आपल्या अंगणात ते फक्त गंजतं. शिसं घरात नको, त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. कथील, टंगस्टन, निकेल यांना इथे किरकोळ गिऱ्हाईकच नाही. संभाजीनगरच्या वाळूजचा कारखानाही घरगुती माणसाकडून पाच किलो घेणार नाही.

तांबं टिकाऊ आहे, पण एका ठिकाणी ठेवू नये: खताच्या पोत्यांशेजारी. ओलाव्यात युरियातून अमोनिया सुटतो आणि तांब्यावर हिरवा-निळा थर चढतो. वजन फारसं जात नाही, पण घेणारा "माल खराब" म्हणून भाव पाडतो. कोरड्या जागी, लाकडी फळीवर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. थर चढलाच असेल तर चिंच-मिठाने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून मग विकायला न्या.

विकण्याची वेळही आधीच ठरवा. पेरणीच्या तोंडावर जूनमध्ये पैसे लागणार असतील तर एप्रिलपासूनच दोन-तीन ठिकाणी भाव विचारायला लागा. ज्याला आजच्या आज विकायचं असतं त्याचा चेहरा भंगारवाल्याला दुकानाच्या पायरीवरच वाचता येतो.

मामांनी शेवटी ठरवलेल्या रकमेपैकी बराचसा भाग बँकेत मुदत ठेवीत टाकला, थोडी चांदीची नाणी घेतली आणि तांब्याचे फक्त दहा किलोचे रॉड, मी समोर तपासून दिलेले. बिल खिशात घालत होते तेव्हा मी ते परत मागून घेतलं आणि शेजारून झेरॉक्स काढून आणली. 24 महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो, आणि नफा किती हे दाखवायला खरेदीचा आकडा लागतो. यंत्रातून निघणारं ते गुळगुळीत कागदाचं बिल आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत दोन वर्षांत कोरं होतं.