बार्शी लाईटचं इंजिन चाकांवरून कसं वाचायचं

जुन्या वाफेच्या इंजिनाचा फोटो समोर आला की सगळे चिमणी आणि धूर बघतात, पण इंजिन समजून घ्यायचं असेल तर बघायला खालून सुरुवात करा. एका बाजूने काढलेला फोटो घ्या, पुढची छोटी चाकं, मग दांड्याने एकमेकांना जोडलेली मोठी चाकं, मग मागची छोटी, असं पुढून मागे मोजा आणि प्रत्येक आकड्याची दुप्पट करा कारण दुसरी बाजू दिसत नाही.

१८९७ला कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी रेल्वे, म्हणजे बार्शी लाईट, सुरू झाली, त्या वेळच्या लीड्सच्या किटसन कंपनीच्या इंजिनांना पुढे काहीच नाही, मधे चार मोठी, मागे दोन छोटी, म्हणजे ०-८-४. आता एवढ्याशा अडीच फुटी गेजच्या (म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेल्या) गाडीला एवढी चाकं कशाला? खरी मजा इथेच आहे. रूळ हलके होते, एक यार्ड म्हणजे तीन फूट लांबीला ३० पौंड वजन, म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ठरवलं की एका अॅक्सलवर, म्हणजे समोरासमोरची दोन चाकं जोडणाऱ्या आसावर, ५ टनांच्या वर वजन नको. मग हिशोब तुम्हीच करा, सहा अॅक्सल म्हणजे इंजिन ३० टनांपर्यंत नेता येतं आणि त्यातले २० टन ओढणाऱ्या चाकांवर, त्यामुळे चाकं घसरत नाहीत आणि रूळही टिकतात. वॅगनलाही तोच ५ टनांचा नियम लावला, मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक यासाठीच वाटतं.

नंतर पाणी कुठंय ते बघा. मागे वेगळा टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, नसेल आणि बॉयलरच्या दोन्ही बाजूंना चौकोनी टाक्या असतील तर ते टँक इंजिन, बार्शीची ही इंजिनं तशीच.

प्रत्यक्ष इंजिनासमोर उभे असाल तर कंपनीची प्लेट शोधा, नंबर आणि वर्ष तिच्यावर असतं. दांड्यांवर ठोकलेला नंबर मात्र वेगळा निघू शकतो, वर्कशॉपमधे एकाचे पार्ट दुसऱ्याला लावायचे, त्यामुळे एकाच नंबरवर विसंबू नका.

एवढं जमलं की माथेरानचं ०-६-० घ्या, तेही कॅलथ्रॉपच्याच सल्ल्याने आलेलं. फक्त तिथे वळणं इतकी तीव्र की पहिला आणि शेवटचा अॅक्सल पोकळ, आत दुसरा अॅक्सल, म्हणून चाकं वळणावर थोडी सरकतात, आणि हे बाहेरून कितीही बघितलं तरी दिसत नाही, त्यासाठी ड्रॉइंगच काढून बसावं लागतं.