मे महिन्याआधी करायची तयारी: उरलेली फळं आणि भाजी गरजूंपर्यंत

आधी खाणाऱ्यांची यादी करा, मालाची नंतर. कोकणात माल उतू जातो मे महिन्यात, आणि नेमक्या तेव्हा आश्रमशाळा बंद असतात. रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. ती परततात पावसाच्या तोंडावर, आणि चूल अडते आषाढ-श्रावणात. म्हणून मेसाठी वेगळी ठिकाणं लिहा: वृद्धाश्रम, सरकारी रुग्णालयात पेशंटजवळ थांबलेले नातेवाईक, खुद्द भट्टीवरची माणसं. प्रत्येक ठिकाणी माणसं किती, स्वयंपाक कोण करतं, फणस कापायची सोय आहे का, एवढं विचारून ठेवा. रुग्णालयाच्या व्हरांड्यात अख्खा बरका फणस नेऊन ठेवणं ही मदत नव्हे.

मग परवानग्या. आंब्याची बाग कराराने दिलेली असेल तर खाली पडलेला आंबाही करारदाराचाच धरतात, कारण कॅनिंगला तोच जातो. तेव्हा मालकाबरोबर त्यालाही विचारा. परसातल्या फणसाला सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण जमीन सामाईक असेल तर मुंबईच्या चुलत्यांना फोन कराच. एरवी त्या झाडाकडे कुणी ढुंकून बघत नाही, बाहेरचा माणूस चढला की मात्र सगळ्यांना सातबारा आठवतो.

आठवडा बाजारात आवराआवरीच्या वेळी जा. सिंधुदुर्गात बरीच भाजी बेळगाव-कोल्हापूरकडून येते. संध्याकाळी घाट चढून परतणाऱ्याला उरलेली पालेभाजी नेऊन उपयोग नसतो, त्यांच्याशी आदल्या बाजारालाच बोलून ठेवा. पण माठाच्या चार जुड्या आणि एक भोपळा घेऊन बसलेल्या गावातल्या बाईकडे फुकट मागू नका. तिचं उरलेलं विकत घ्या, त्यासाठी सुटे पैसे जवळ असू द्या.

सामानात क्रेट, पेंढा, ताणकाटा, कोयती, झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी), वही, आणि फणसाच्या चिकासाठी खोबरेल. हाताला आणि कोयतीला ते आधीच लावायचं. पिकला आंबा गोणीत भरू नका, तळचा चेचतो. पालेभाजी धुऊन बांधू नका, ओली जुडी रात्रीत सडते. फळमाशी लागलेलं फळ तिथेच वेगळं काढा. हापूसमधला साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, वरून कळत नाही, म्हणून प्रत्येक बागेतल्या मालातली दोन-चार फळं कापून बघा. अळू देताना बरोबर मूठभर आमसुलं द्या, नाहीतर घसा खाजतो आणि पुढच्या वेळी कुणी घेत नाही.

खरी तयारी लागते ती सुकवण्याची. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांची मीठ लावून आंबोशी, रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) आमसुलं, आणि आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, धुऊन, वाळवून, राखेत किंवा मातीत ठेवलेल्या. हे सगळं मृगाआधी उन्हात पडायला हवं, म्हणजे जागा, ताडपत्री आणि हात एप्रिलमध्येच ठरवा. ज्यांच्या हाताला ही कामं माहीत आहेत त्या गावातल्या बायकांना मजुरी देऊन बोलवा. आषाढात पाड्यावर न्यायला तेवढंच हाताशी उरतं.

उरलेलं अन्न वाटणाऱ्या संस्थांसाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१९ चे नियम आहेत. संस्थेच्या नावाने वाटणार असाल तर ते आधी वाचा. वहीत तारीख, कुणाकडून, किती किलो, कुणाला दिलं हे त्याच दिवशी लिहा, आणि फेकलं किती तेही.