झाडीतल्या होलवर चेंडू आधी बाहेर काढा

गोल्फमधली ग्रिप, स्टान्स, पार-बोगीचा हिशेब तुम्हाला येतो असं धरून चालतो. नागपुरात रेंजवर चांगला खेळणारा माणूस दोन्हीकडे साग-कडुलिंब असलेल्या पार चारच्या होलवर का ढेपाळतो, एवढंच सांगायचंय. त्या टीवर माझ्या पोटात आजही गोळा येतो. तेव्हा तुम्हाला भीती वाटत असेल तर तुम्ही एकटे नाही.

डॉगलेग, म्हणजे मध्येच वळणारा होल असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायचा क्लब, बॅगेतच राहू द्या. वळणापर्यंत पोचलं की झालं, त्यापुढचा लांब फटका सरळ झाडीत जातो. सोबतचे हसतील. हसू द्या.

आता खरा सापळा. चेंडू झाडांत गेलाय, तुम्ही तिथे पोचता आणि दोन खोडांच्या मधून ग्रीनवरचा झेंडा दिसतो. राउंड इथेच बुडतो. समजा फट दहा मीटरवर आहे आणि एक मीटर रुंद आहे. तिच्यातून सुटायला मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तीन अंशांची मोकळीक मिळते. हीच अचूकता टीवर लावली तर २०० मीटरवर २० मीटरचा पट्टा होतो. सपाट जागेवरून, टीवर चेंडू ठेवून, तो पट्टा तुम्ही दहापैकी किती वेळा गाठता? आणि इथे तर चेंडू उन्हानं दगड झालेल्या काळ्या मातीवर आहे, शेजारी मूळ वर आलंय आणि बॅकस्विंगला फांदी अडतेय. त्या मुळावर क्लब बसला तर मनगट जातं, हेही लक्षात ठेवा.

‘झाड म्हणजे नव्वद टक्के हवा’ असं कुणीतरी हमखास ऐकवतं. यावर विश्वास ठेवू नका. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असतो आणि त्याला अख्खा शेंडा पार करायचा असतो. फांद्यांचा एक थर चुकला तरी मागे दुसरा आहेच.

हिशेब साधा आहे. दुसरा फटका आडवा मारून फेअरवेवर या, तिसरा ग्रीनवर, मग होलात घालायला दोन पटिंगचे फटके. झाले पाच, म्हणजे बोगी. नवख्यासाठी हा उत्तम स्कोअर आहे! फटीतून मारलात आणि चेंडू खोडावर आपटून आणखी आत गेला, की सात-आठ ठरलेले. कधीकधी तो उलटून अंगावरही येतो.

बाहेर काढायला पाच किंवा सहा नंबरचं आयर्न घ्या, चेंडू उजव्या पायाकडे, हात पुढे, अर्धा बॅकस्विंग, आणि फटक्यानंतर क्लब कमरेच्या वर नेऊ नका. व्हिडिओत पाहिलेला झाडाला वळसा घालणारा फटका वर्षभर विसरा. माझ्या मते त्या व्हिडिओंनी नवख्यांचं जितकं नुकसान केलंय तितकं झाडांनीही केलं नसेल. हॅंडिकॅप मिरवणाऱ्या सभासदापेक्षा जुन्या कॅडीचं ऐका. ‘सायेब, बाजूनं काढा जी’ असं तो म्हणाला की वाद घालू नका.

फेब्रुवारी-मार्चात सागाची ताटाएवढी पानं पडतात आणि चेंडू त्यांखाली दडतो. पानं उचलायला परवानगी आहे, पण ती उचलताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड, आणि चेंडू परत जागेवर ठेवायचा. सरावाच्या स्विंगमध्ये आड येणारी डहाळी मोडली आणि त्यानं तुमची वाट सोपी झाली, तर दोन फटक्यांचा दंड. म्हणून सराव दोन पावलं बाजूला जाऊन करा.

चेंडू खेळण्याजोगाच नसेल तर एका फटक्याचा दंड घेऊन, होलच्या जवळ न जाता, दोन क्लबलांबीच्या आत ड्रॉप घ्या, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून तिथून खेळा. यात कमीपणा काही नाही. मोठमोठे खेळाडूही हेच करतात.

आणि टीवरूनच चेंडू हरवल्याची शंका आली, तर शोधायला निघण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असं मोठ्यानं सांगून दुसरा मारा. सांगितलं नाही तर तोच चेंडू खेळात धरला जातो आणि पहिला सापडूनही वाया जातो. २०१९ पासून शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, त्यामुळे चेंडू आत शिरला तेव्हाच त्या जागेचं झाड हेरून ठेवा.