ओपन सोर्स प्रकल्पासाठी मेलिंग लिस्ट आणि चॅट निवडताना या चुका टाळा

नव्या ओपन सोर्स प्रकल्पात चार माणसे जमली की प्रथम चॅटचा गट उघडला जातो आणि हळूहळू निर्णयही तिथेच होऊ लागतात. ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण अमुक फंक्शन का काढून टाकले, हे दोन वर्षांनी शोधू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. स्लॅक या चॅट सेवेच्या मोफत योजनेत तर २०२२ पासून मागील ९० दिवसांचेच संदेश दिसतात. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांमध्ये निर्णय मेलिंग लिस्टवर, म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेला ईमेल सर्व सभासदांना पोहोचवणाऱ्या यादीवर, आल्याखेरीज तो झाला असे मानत नाहीत आणि मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवतात, त्यामुळे चर्चेच्या वेळी झोपेत असलेल्या दुसऱ्या खंडातील सहकाऱ्यालाही आपले म्हणणे मांडता येते.

साधनातून उद्या बाहेर कसे पडता येईल, हे न पाहताच त्यात शिरणे ही दुसरी चूक. लिनक्स कर्नलचे काम २००२ पासून बिटकीपर या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या, मालकी हक्काच्या प्रणालीवर चालत होते. २००५ मध्ये तिचा मोफत वापर थांबला आणि कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तिच्या जागी गिट ही स्वतःची प्रणाली लिहिली. आपल्याला तसे जमण्यासारखे नाही, तेव्हा सगळा जुना पत्रव्यवहार एमबॉक्स (अनेक ईमेल एकाच साध्या फाइलमध्ये साठवणाऱ्या) स्वरूपात आणि सभासदांची यादी उतरवून घेता येते का, हे आधीच करून पाहावे. लिस्टचा पत्ता प्रकल्पाच्या स्वतःच्या डोमेनवर असावा.

स्वतःच्या सर्व्हरवर मेलमॅन हे मेलिंग लिस्टचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: काही सभासदांची पत्रे इतरांना मिळत नाहीत, आणि ज्यांच्याकडून पत्रे वारंवार परत येतात त्यांचे सदस्यत्व आपोआप स्थगित होते. लिस्ट विषयाच्या ओळीत प्रकल्पाचे नाव किंवा तळाशी टीप जोडते, तेव्हा मूळ पत्राची डीकेआयएम स्वाक्षरी (पत्र वाटेत बदललेले नाही हे दाखवणारी डिजिटल खूण) मोडते. पत्र लिस्टच्या सर्व्हरवरून गेल्यामुळे एसपीएफची (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, याची) पडताळणीही लेखकाच्या डोमेनशी जुळत नाही. आणि या दोन्ही तपासण्या फसल्यास पत्राचे काय करावे हे सांगणारे त्या डोमेनचे डीमार्क धोरण पत्र नाकारण्याचे असेल, तर ते परत येते. याहूने एप्रिल २०१४ मध्ये असे धोरण लावले, तेव्हा अनेक लिस्ट अशाच अडखळल्या. हौसेने जोडलेली ती टीप आणि नाव काढून टाकणे हा सर्वांत स्वच्छ उपाय. ते नको असेल, तर कडक धोरणाच्या डोमेनपुरता प्रेषकाच्या जागी लिस्टचा पत्ता घालण्याची मेलमॅनमधील सोय सुरू करावी आणि स्थगित सदस्यत्वे पूर्ववत करावीत. नवी लिस्ट मात्र मेलमॅन ३ वरच उभारावी, कारण मेलमॅन २ ज्यावर चालते त्या पायथॉन २ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजीच संपला.

पाच जणांच्या प्रकल्पाला लिस्ट, चॅट आणि विकी एकदम नकोत. व्यवस्थापकाचा पासवर्ड मात्र दोघांकडे हवा. एकट्याने सांभाळणाऱ्याची नोकरी बदलली, की नव्या सभासदांना मंजुरी देणारे कोणी उरत नाही आणि लिस्ट बंद न होताच ओस पडते.