नळाच्या पाइपचा गळका जोड घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

पाणी कास तलावाचे असो वा शहापूर योजनेचे, साताऱ्यात ते ठरलेल्या वेळीच येते आणि पुढे दिवसभर टाकीवर भागवावे लागते. त्यामुळे गळक्या जोडाकडे ‘थेंब-थेंबच तर जातोय’ म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नाही. जोडाखाली १० मिनिटे पेला ठेवून पाहावा. त्यात १०० मिलिलिटर पाणी साठले, तर दिवसाला १४ लिटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ भरलेली घागर वाया जात आहे.

थेंब जिथून पडतो तिथेच गळती असते असे नाही, कारण पाणी पाइपच्या पोटावरून ओघळत पुढे जाते. म्हणून सारी लाइन फडक्याने कोरडी करून प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळावी. जी पट्टी आधी भिजेल तो जोड गळका समजावा. मीटरच्या अलीकडचा, म्हणजे रस्त्याकडचा जोड गळत असेल, तर त्याला हात न लावता पाणीपुरवठा विभागाला कळवावे.

काम सुरू करण्यापूर्वी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा, खालचा नळ सोडून लाइन रिकामी करावी आणि लाइनवर गिझर असल्यास त्याचे बटण बंद ठेवावे. जुन्या पेठांतील घरांत अजूनही जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी (जीआय) पाइप आढळतात आणि त्यांचे जोड आट्यांचे, म्हणजे स्क्रूसारख्या खाचांचे असतात. अशा जोडावर बाहेरून एपॉक्सीचा लेप थापण्याची घाई अनेक जण करतात. परंतु ओल्या, गंजक्या पृष्ठभागावर तो नीट धरत नाही आणि पाणी आतल्या आट्यांतून वाट काढतच राहते. जोड उघडून नव्याने बसवणे हाच खरा उपाय होय.

त्यासाठी दोन पाइप पाने (रेंच) लागतात. एकाने एल्बो (काटकोनी जोडतुकडा) किंवा सॉकेट (सरळ जोडतुकडा) घट्ट धरावे आणि दुसऱ्याने पाइप फिरवावा. एकाच पान्याने जोर लावल्यास भिंतीतला पुढचा जोड सैल होतो, आणि मग भिंत फोडण्याची वेळ येते. लाइनच्या मधल्या पाइपला हात घालताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तो फिरवला की एका टोकाला सुटतो आणि दुसऱ्या टोकाला आवळला जातो. म्हणून जवळचे युनियन (पाइप न फिरवता उघडता येणारा जोड) शोधून तिथून उघडावे, नाहीतर नळाच्या टोकाकडून सुरुवात करावी.

आट्यांवरचा जुना टेफ्लॉन टेप किंवा गळती रोखायला लावलेला सुतळी-सफेदा तारेच्या ब्रशने काढून आटे स्वच्छ व कोरडे करावेत. आटे गंजून झिजले असतील तर तो तुकडा बदलणेच बरे. पाइपचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, किंचित ताणून, सात-आठ वेढे गुंडाळावा आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडावा. उलट दिशेने गुंडाळलेला टेप जोड आवळताना गोळा होऊन बाहेर येतो. जोड आधी हाताने आणि मग पान्याने आवळावा. एल्बोचे तोंड हव्या दिशेच्या पुढे गेले म्हणून तो मागे फिरवू नये, कारण तेवढ्याने टेपची पकड जाते. तसे झाल्यास उघडून पुन्हा टेप गुंडाळावा. प्लास्टिकच्या फिटिंगला मात्र पान्याचा जोर बेताने लावावा, कारण जास्त आवळल्यास ते तडकते. नळाच्या लवचीक कनेक्शन पाइपला टेपची गरजच नसते. तिथे रबरी वायसर बदलावा.

सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपचा चिकटवलेला जोड उघडता येत नाही. तो कापून काढावा, नवे कपलिंग (दोन पाइप जोडणारा तुकडा) घ्यावे, कापलेली कड घासून साफ करावी आणि सीपीव्हीसीचेच सोल्युशन (चिकटवणारा द्रव) दोन्ही बाजूंना लावून पाइप पाव फेरा फिरवत आत बसवावा. तो अर्धा मिनिट दाबून धरावा, नाहीतर पाइप मागे सरकतो. शक्यतो रात्री काम करून सकाळपर्यंत पाणी सोडू नये.

व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा, आतली हवा नळातून फसफसून निघून जाऊ द्यावी, आणि मग नळ बंद करून जोडाभोवती कोरड्या कागदाची पट्टी गुंडाळून तासभराने पाहावी.