पीएओमध्ये वाटीचा तुकडा स्क्रूंनी कसा धरावा

खुब्याची वाटी वाढीच्या वयात उथळ राहिली, की तिच्याभोवतीचं हाड कापून वाटीच फिरवून बसवायची, ही पेरिअॅसिटॅब्युलर ऑस्टिऑटॉमी, म्हणजे पीएओ. राइनहोल्ड गांझ यांनी बर्नमध्ये ती १९८४ साली पहिल्यांदा केली. तिच्यात पोस्टीरियर कॉलम, म्हणजे वाटीमागचा हाडाचा खांब, अखंड राहतो, म्हणून तीन-चार कॉर्टिकल (कठीण हाडासाठीच्या बारीक आट्यांच्या) स्क्रूंवर भागतं. मात्र संख्येपेक्षा त्यांची दिशा महत्त्वाची.

चालताना खुब्यावर वजनाच्या साधारण अडीच ते तीनपट दाब येतो. तो तुकड्याला सरकवतोही आणि फिरवतोही. शेजारीशेजारी समांतर घातलेले दोन स्क्रू सरकणं अडवतात, फिरणं फारसं अडवत नाहीत. म्हणून स्क्रूंची टोकं तुकड्यात एकमेकांपासून फाकलेली हवीत.

आधी तुकडा दोन-तीन के-वायरांवर (हाडात घालायच्या बारीक ताठ तारांवर) धरा आणि एपी, म्हणजे समोरून घेतलेला, एक्स-रे पाहा. लॅटरल सेंटर-एज कोन (वाटी बाहेरून डोक्याला किती झाकते तो) २५ ते ३५ अंश, टॉनिस कोन (वाटीच्या छताचा उतार) ० ते १० अंश आणि क्रॉसओव्हर (वाटीच्या पुढच्या-मागच्या कडा एकमेकींना छेदणं) नाही, एवढं जमल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. मग दोन किंवा तीन स्क्रू इलियाक क्रेस्टवरून (कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरून) खाली तुकड्यात घाला. आणखी एक तुकड्याच्या पुढच्या बाजूने, एआयआयएसजवळून (वाटीच्या वर, हाडाच्या पुढच्या कडेवरच्या उंचवट्याजवळून), मागे सायॅटिक नॉचच्या (कमरेच्या हाडाच्या मागच्या खाचेच्या) वरच्या दाट हाडात. फिरणं रोखण्यात या आडव्या स्क्रूचा वाटा मोठा. वेळ वाचवायला तो गाळू नये.

३.५ मि.मी. स्क्रूला २.५चं ड्रिल, ४.५ला ३.२चं. वाकण्याला होणारा विरोध गाभ्याच्या (आटे सोडून आतल्या दांड्याच्या) व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो: गाभा २.४ऐवजी ३ मि.मी. झाला की ताठपणा जवळपास अडीचपट. रुग्ण वजनदार असेल तर ४.५ घ्यावा. पण कापलेल्या हाडांत फट राहिली, तर जाड स्क्रूही वाकतो. आधाराविना राहिलेला भाग दुप्पट लांब झाला, की त्याच भाराखाली वाक आठपट होऊ शकतो. त्यामुळे हाडाला हाड टेकवा. वाटी बरीच फिरवावी लागली, तर तुकड्याचा पुढे आलेला कंगोरा छाटून तेच हाड फटीत भरा.

ड्रिल ढकलू नका. थोडं पुढे, थोडं मागे असं ठोकत न्या, म्हणजे मऊ हाड संपून टोक कूर्चेखालच्या कठीण (सबकॉन्ड्रल) हाडाला टेकलेलं हाताला कळतं. तिथेच थांबा. नंतर सी-आर्मखाली (शस्त्रक्रियेतल्या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली) एपी, ऑब्लिक (तिरका) आणि फॉल्स प्रोफाइल (वाटीची पुढची बाजू दाखवणारा), तिन्ही कोन पाहा. एपीत सुरक्षित दिसणारा स्क्रू पुढून सांध्यात शिरलेला असू शकतो. शेवटी खुबा पूर्ण फिरवून पाहा. कुठे खरखर लागली तर तो स्क्रू काढाच.

पोस्टीरियर कॉलम चुकून तुटला असेल, तर एवढ्या स्क्रूंवर विसंबू नका. कॉलमला प्लेट लागू शकते. एरवी सहा ते आठ आठवडे कुबड्या आणि पायावर १५-२० किलोच भार. तो किती, हे रुग्णाला वजनकाट्यावर पाय टेकवून दाखवा. या काळात पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायाम देऊ नका, त्याने सांध्यावरचा दाब वाढतो.

क्रेस्टवरची स्क्रूंची डोकी हाडात बुडवून बसवा. नाहीतर सडपातळ मुलींना नेमकी परकराची किंवा सलवारीची नाडी बसते तिथेच ती टोचतात, आणि हाड जुळल्यावर काढावी लागतात.